तीन टोकांची घडी

साधना सबनीसपुढे ‘अंदाजे’ हा शब्द काढायची गाझियाबादच्या वैशाली वस्तीत कुणाची छाती नव्हती. भाजीवाला म्हणाला, “बहनजी, आधा किलो से ऊपर ही होगा,” की ही विचारायची, “कैसे पता?” नवरा म्हणाला, “पाच मिनिटांत पोचतो,” की हिचं ठरलेलं, “कशावरून?” आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती हे भांडायला म्हणून विचारत नसे. भांडणाऱ्या बाईला उत्तर तरी देता येतं. जिला खरंच जाणून घ्यायचंय तिला काय सांगणार, कपाळ?

दिलीप सबनीस या ‘कशावरून’ला लग्नापासून घाबरून होता आणि लग्नापासूनच तिच्यावर लट्टूही होता. स्वतः तो नेहरू प्लेसमधल्या एका परदेशी कंपनीत वॉशिंग मशीन विकणाऱ्यांवर देखरेख करायचा. म्हणजे दिवसभर ‘बिल्कुल’, ‘हो जाएगा’ आणि ‘अंदाजे’ यांवरच त्याचं पोट चालायचं. संध्याकाळी गाझियाबादच्या त्या नव्याकोऱ्या वस्तीतल्या तिसऱ्या मजल्यावर आला, की त्याला खऱ्याखुऱ्या जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटायचं.

साधना तिथल्याच एका शाळेत आठवी-नववीला भूमिती शिकवायची. पोरं तिला पाठीमागे ‘त्रिभुज मॅडम’ म्हणायची, आणि ते तिला ठाऊक होतं. एकदा ती चष्मा घरी विसरली म्हणून दिलीप शाळेत गेला आणि वर्गाच्या खिडकीशीच खिळून राहिला. तिने प्रत्येक बाकावर खराट्याचे तीन-तीन हीर वाटले होते आणि त्रिकोण करा म्हणून सांगितलं होतं. एका बाकावर मुद्दाम दोन आखूड आणि एक लांबलचक हीर दिलेला. ती पोरं घामाघूम. “मॅडम, इसके सिरे ही नहीं मिलते!” ही शांतपणे म्हणाली, “क्यों नहीं मिलते?” झालं! वर्गात नुसती मारामारी. कुणी म्हणे हीर वाकडे आहेत, कुणी म्हणे मॅडमने फसवलं. शेवटी मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी उठली आणि म्हणाली, दोन छोट्या काड्या मिळून मोठीपेक्षा जास्त भरल्या पाहिजेत, नाहीतर त्या बिचाऱ्या आडव्याच पडणार. साधनाचा चेहरा असा काही फुलला, जणू त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते हे जगात पहिल्यांदा त्या पोरीलाच सुचलं. दिलीपला वाटलं, आपण हिच्या वर्गात बसलो असतो तर आज माणसात जमा झालो असतो.

घरात कूलरचा लोखंडी स्टँड होता, तो कूलर चालू झाला की डुगडुगायचा. दिलीपने पायांखाली पुठ्ठे घातले, दोऱ्या बांधल्या, शिव्या घातल्या. साधनाने वेल्डरकडून एक तिरपी पट्टी मारून घेतली. “चौकोन हलतो हो, त्रिकोण हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्याला दुसरं व्हायला जागाच राहत नाही.” त्या दिवसापासून स्टँड मुका झाला. दिलीप आल्यागेल्याला तो स्टँड हलवून दाखवायचा, म्हणजे हलत नाही हे दाखवायचा. बायकोचं कौतुक करायला लाजणाऱ्यांतला तो नव्हताच.

तर अशी ही बाई, आणि असा हा तिचा नवरा. आणि या नवऱ्याने त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, गणपतीच्या तोंडावर एक घोळ घातला.

दिल्लीच्या त्यांच्या मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी दिल्लीतल्या एका जुन्या हॉलमध्ये बसायचा. मंडळाची माणसं तीन ठिकाणी पांगलेली. गाझियाबादकडे नव्या फ्लॅटवाल्यांचा जथा, त्याचा पुढारी दिलीप. फरीदाबादला कारखान्यांतली मंडळी, त्यांचा पुढारी विष्णू कारखानीस, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा. आणि मधे दिल्लीत, कोपर्निकस मार्गाच्या आसपासच्या सरकारी क्वार्टर्समध्ये जुने मेंबर. त्यांचे, आणि खरं तर सगळ्यांचेच, म्होरके म्हणजे भालचंद्र खासनीस. त्यांना सगळे अण्णाच म्हणत. मंडळ त्यांनी काढलेलं. पहिली आरती त्यांची, हे देवालाही माहीत.

आणि दिलीपला तर अण्णा म्हणजे बापाच्या जागी. एक ट्रंक घेऊन तो दिल्लीत उतरला तेव्हा अण्णांच्या व्हरांड्यात राहिला होता. विषमज्वर झाला तेव्हा काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, त्याला मऊ भाताची पेज भरवली होती. अण्णा त्याला ‘अरे गाढवा’ म्हणायचे आणि ते ऐकून त्याला बरं वाटायचं.

त्या वर्षी हॉल दुरुस्तीसाठी बंद झाला. गणपती न्यायचा कुठे? गाझियाबादवाले म्हणाले आमच्याकडे, फरीदाबादवाले म्हणाले आमच्याकडे. फोनवर फोन, तू-तू मैं-मैं. विष्णूने सांगून टाकलं, “नाहीतर आम्ही आमचा वेगळा बसवतो!” शेवटी एका रविवारी दोघे भेटले, रस्त्यांचा नकाशा पसरला, गाझियाबाद ते फरीदाबाद पट्टीने सरळ रेघ मारली आणि बरोबर मध्यावर खूण केली. तुला नको, मला नको. खूण पडली नोएडाच्या एका नव्या, अर्ध्या रिकाम्या सेक्टरजवळ. तिथे मंडळातला जयेश नावाचा सॉफ्टवेअरवाला नुकताच राहायला गेला होता. त्याने चौकशी केली, तर तिथलं बारातघर, लग्नाच्या वऱ्हाडांसाठी बांधलेला सार्वजनिक हॉल, तेवढे दिवस चक्क मोकळं! दोघांनी एकमेकांना टाळी दिली. “एकदम न्याय!” विष्णू म्हणाला. “चलो, झालं!”

झालं कसलं! अण्णांना विचारायचं दोघांच्याही डोक्यातच आलं नाही. दिल्लीवाले काय, मधेच असतात, सगळ्या बसेस तिथूनच सुटतात, येतील की! दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे दोघांच्या समेटात तिसऱ्याचा अपमान झाला. अण्णांना ही बातमी मंडीत भाजी घेताना कुणाकडून तरी कळली. रात्री दिलीपने फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तुम्ही दोघांनी ठरवलंत, उत्तम केलंत. आम्ही कोण? नमस्कार, दिलीपराव.”

दिलीपराव! ‘अरे गाढवा’वरून एकदम ‘दिलीपराव’! त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं.

त्यानंतर फोन केला की काकूच उचलत. “अरे, ते येत नाहीत फोनवर. गणपतीला घरीच राहणार म्हणतात. तुला माहितीये ना, डिसेंबरात रिटायर होतायत? मग आम्ही नाशकाला, मुलाकडे. हा दिल्लीतला शेवटचा गणपती रे त्यांचा.” त्या रात्री दिलीपला जेवण गेलं नाही. मंडळ मोडलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतंच, पण मंडळं काय, मोडतात आणि उभी राहतात. अण्णा रुसून गेले असते तर पुन्हा भेटीची सोयच नव्हती.

त्याने सगळं साधनाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, “मध्य दोघांचाच असतो, हे कशावरून ठरवलंत?”

दिलीपने उत्तरादाखल नकाशाच आणला.

“तीन ठिकाणची माणसं आहेत ना? मग रेघेचा मध्य कसा काढलात? त्रिकोणाचा काढायचा.”

तिने हात धुतले, नकाशा फरशीवर पसरला आणि आपली कंपासपेटी आणली. ही पेटी तिची शाळेपासूनची, झाकणावरचा रंग कधीच उडालेला, आतला कर्कटक मात्र लख्ख. गाझियाबाद, फरीदाबाद, दिल्लीतलं अण्णांचं घर, असे तीन बिंदू जोडून तिने त्रिकोण काढला. मग तिन्ही टोकांपासून सारखा लांब असलेला बिंदू शोधायला बसली. एका बाजूचा लंबदुभाजक काढला, दुसरीचा काढला, आणि एकदम थांबली. गुण्या उचलला, दिल्लीच्या कोनात बसवून पाहिला. आणि हसायलाच लागली.

“अहो, इकडे या! हे बघा! दिल्लीपाशी काटकोन आहे!”

“मग?” दिलीपला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

“मग काय! काटकोन त्रिकोणात कर्णाचा मध्य तिन्ही टोकांपासून सारखाच लांब असतो. कर्ण म्हणजे ही तुमची गाझियाबाद-फरीदाबाद रेघ. तुम्ही दोघांनी आपापला मध्य काढलात ना, तो आपोआप अण्णांचाही निघाला! त्यांना न विचारता, त्यांच्याकडे न बघता!”

दिलीपने बघितलं. तिने कर्कटकाचं टोक त्या नोएडाच्या खुणेवर ठेवलं आणि वर्तुळ फिरवलं. पेन्सिल गाझियाबादवरून गेली, दिल्लीला स्पर्श केल्यासारखी गेली, फरीदाबादवर पोचली. त्याला खरंच गहिवरून आलं. या एवढ्या मोठ्या, धुळीच्या, हॉर्नच्या, कुणी कुणाचं नसलेल्या शहराखाली असं काहीतरी नेटकं लपलेलं होतं आणि त्याच्या बायकोला ते भाकऱ्या थापता थापता दिसलं!

“म्हणजे आम्ही बरोबर होतो!” तो उड्याच मारायला लागला.

“उत्तर बरोबर, सिद्धता नाही,” साधना म्हणाली. “माझ्या वर्गात याला शून्य मिळतं. अण्णांनीही तेच दिलंय तुम्हाला.”

रविवारी जायचं ठरलं. विष्णू त्याची मारुती घेऊन आला. शनिवारी संध्याकाळी साधनाने सगळं पुन्हा एकदा मोजलं होतं. ते तिच्या रक्तातच होतं, एकदा मोजलेलं तिला मोजल्यासारखं वाटतच नसे. आणि निजामुद्दीनच्या पुलावर तिने गाडीत सांगून टाकलं, “काटकोन पक्का नाहीये. अगदी थोडा कमी आहे. एक-दोन अंशांनी. म्हणजे अण्णा आपल्यापेक्षा थोडे लांबच पडतात.”

विष्णूने ब्रेकच मारला. “वहिनी! अहो, एक-दोन अंश! उभ्या दिल्लीत एक भिंत तरी काटकोनात आहे का? सारखंच आहे म्हणून सांगा ना! म्हातारा खूश, देव खूश!”

“साधना, प्लीज,” दिलीप मागे वळून म्हणाला. “तुझं सगळं खरं. पण हा त्यांचा शेवटचा गणपती आहे. एवढं केसभर सोडून दे. कुणाला कळणार आहे?”

साधना खिडकीबाहेर यमुनेचं गढूळ पाणी बघत राहिली. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बायको गप्प बसली की तिने ठरवलेलं असतं, एवढं त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. “या कारखानीस. बसा दिलीपराव, उभे का?” काकूंनी कोकम सरबत आणलं आणि दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. दिलीपने माफी मागायला तोंड उघडलं, तर अण्णांनी हात वर केला. “माफी कसली? दोन मोठ्या गावांनी मिळून निर्णय घेतला. आमच्या चार क्वार्टर्सना विचारायचं कारण काय?”

“अण्णा,” साधना म्हणाली, “यांचं चुकलंच. न विचारता ठरवलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ठिकाण तुमच्यावर अन्याय करून निवडलंय का, एवढं मी दाखवू शकते. बघाल?”

“दाखव. त्रिकोण मलाही कळतो. वाईच्या शाळेत भूमितीत मी पहिला होतो.”

तिने पिशवीतून जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान काढलं, कोपऱ्यातून तिरपं कापलं आणि तो काटकोनी तुकडा अण्णांच्या हातात दिला. तीन टोकांवर पेन्सिलीने लिहिलं, गा, दि, फ. काटकोनात दिल्ली. “आता गाझियाबाद उचला आणि दिल्लीवर आणून ठेवा. दाबा घडी. आता फरीदाबाद उचला, तेही दिल्लीवर.”

अण्णांनी सावकाश घड्या घातल्या. घडी सरळ पडली. आणि बघतात तर कागदाचा छानसा आयत झालेला! तिन्ही टोकं एकाच कोपऱ्यात, एकावर एक. तिरप्या बाजूचे दोन तुकडे मधोमध एकमेकांना लगटून, पाकिटाच्या दोन पाखांसारखे. आणि कर्णाचा मध्य समोरच्या कोपऱ्यात.

“या कोपऱ्यापासून तिघं किती लांब आहेत?” साधनाने विचारलं.

“किती म्हणजे,” अण्णा पुटपुटले, “तिघं एकाच जागी बसलेत की. एकच अंतर.” त्यांनी घडी उघडली, पुन्हा घातली, पुन्हा उघडली. “अगं, हे आम्हाला पानभर सिद्धता लिहून शिकवलं होतं. हे असं हातात कुणी दिलंच नाही!” त्यांचे डोळे चमकत होते. काकूही वाकून बघायला लागल्या. विष्णूने दिलीपला कोपराने ढोसलं, जिंकलं!

पण अण्णा म्हणजे अण्णा. कागद खाली ठेवून म्हणाले, “हा कॅलेंडरचा कोपरा झाला. छापखान्यातून काटकोनात कापून आलेला. आपला त्रिकोण असाच आहे, हे कशावरून?”

दिलीपने डोळे मिटले. त्या खोलीत दुसरी साधना बसली होती!

साधनाने पिशवीत हात घातला आणि दुसरा कागद काढला. नकाशावरून गिरवून, रेघेवरून तंतोतंत कापलेला. तो घरी विसरणं किती सोपं होतं! पिशवीतच राहू देणं त्याहून सोपं. तिने तो पुढे केला.

अण्णांनी गाझियाबाद उचलून दिल्लीवर ठेवलं. फरीदाबाद उचलून दिल्लीवर ठेवलं. घडी जवळजवळ तशीच पडली. अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद डोळ्यांपाशी नेला. “ही कड त्या कडेवर जराशी चढलीये.”

“कापताना इकडेतिकडे झालं असेल, अण्णा!” विष्णू घाईघाईने म्हणाला. “कागद आहे, चालायचंच!”

सगळ्यांनी साधनाकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“कापण्यात चूक नाही,” साधना म्हणाली. “दिल्लीचा कोन काटकोनापेक्षा थोडा कमी आहे. म्हणून कड चढते. अण्णा, ती जागा आम्हा दोघांना सारखी आहे. तुम्हाला थोडी लांब आहे.”

दिलीपला वाटलं, संपलं! एका क्षणी त्याला तिचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्याला असंही वाटलं की हिच्यासारखी बाई आपल्याला मिळाली हे आपलं कुठल्या जन्मीचं पुण्य आहे कोण जाणे. या दोन्ही गोष्टी एकदम वाटणं फार त्रासाचं असतं.

“किती लांब?” अण्णांनी विचारलं.

“नकाशावर तांदळाच्या दाण्याएवढं. जमिनीवर पाव किलोमीटर धरा.”

“धरा?” अण्णांची भुवई वर गेली. “म्हणजे अंदाजे?”

साधना लाल झाली. “या नकाशावर याहून बारीक मोजताच येत नाही, अण्णा. शिवाय हे सरळ रेघेचं, रस्ते आपले वळणावळणाने जाणार. अंदाजेच.”

दिलीपने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द ऐकला. आणि गंमत म्हणजे, तिने कधी काही इतकं खरं सांगितलं नसेल.

अण्णांनी तो कागद मांडीवर ठेवून हाताने सपाट केला. मग कुणाकडेच न बघता म्हणाले, “उभ्या नोकरीत माझ्यापुढे लोकांनी कागद सरकवले. सगळं बरोबर आहे साहेब, फक्त सही करा. तुम्ही थोडे लांब आहात, हे तोंडावर सांगणारं कुणी भेटलं नाही.” त्यांनी दोन्ही कागद घडी करून खिशात घातले. “विचार करतो.”

यायचं कबूल केलं नाही, की नाही म्हणाले नाहीत.

चतुर्थी उजाडली. बारातघराच्या बाहेर अजून रस्ते कच्चे, एकीकडे अर्धवट इमारती, दुसरीकडे कमरेएवढं गवत. आत मात्र काय थाट! फरीदाबादवाल्यांनी मखर आणलेलं, गाझियाबादवाल्यांनी मोदकांचे डबे, जयेशने कुठून तरी ताशेवाले पकडून आणलेले. मूर्ती पाटावर, वरचा रुमाल काढलेला. पहिल्या आरतीचं ताम्हन तयार. अण्णांचा पत्ता नाही.

“मुहूर्त चाललाय,” विष्णू हळूच म्हणाला. “दिलीप, तू कर आता.”

“मी नाही करणार.”

“अरे यार, कुणीतरी तर…”

तेवढ्यात धुळीचा लोट उडवत टॅक्सी आली. दिलीप धावला. टॅक्सीतून काकू उतरल्या, हातात पूजेचं ताट, दुर्वांची जुडी. एकट्याच.

“काकू, अण्णा?”

“काय सांगू तुला! घरून निघाल्यापासून मीटरवर डोळा. आणि मागे त्या पाण्याच्या टाकीपाशी ड्रायव्हरला म्हणाले, बस, इथेच उतरव. मला म्हणाले तू हो पुढे. ऊन बघ कसलं आहे, या माणसाला कुणी सांगायचं!”

दिलीपने पुढचं ऐकलंच नाही. चपला आत होत्या, त्याही न घालता तो त्या कच्च्या रस्त्याने पळत सुटला. लोक बघत राहिले. साहेबी कंपनीतला माणूस, कडक इस्त्रीचा झब्बा घालून, अनवाणी!

वळणापलीकडे अण्णा दिसले. डोक्यावर काळी छत्री, एका हातात नारळाची पिशवी, पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं. घाई नाही, काही नाही, फिरायला निघाल्यासारखे चालत होते.

“अण्णा! अहो, या उन्हात चालत कशाला? टॅक्सी दारापर्यंत येत होती!”

“येत होती ना. तुमच्याइतकं अंतर मी टॅक्सीने आलो. वरचं जे माझ्या एकट्याच्या वाट्याचं आहे, ते मला कुणी लपवून न ठेवता सांगितलं. मग ते चालायला काय हरकत आहे? आपल्या माणसांकडे जायला थोडं जास्त चालावं लागलं तर माणूस मरत नाही.” मग त्यांची नजर दिलीपच्या पायांकडे गेली. “अरे गाढवा! चपला कुठे आहेत तुझ्या? पाय भाजतील की रे!”

दिलीपला खूप काही बोलायचं होतं, चुकलो म्हणायचं होतं, नाशकाला जाऊ नका म्हणायचं होतं. त्याने नुसती नारळाची पिशवी काढून घेतली, छत्रीत शिरला आणि म्हणाला, “उरलेलं निम्मं निम्मं, अण्णा.”

अण्णा थांबले. पुढे बघितलं, मागे बघितलं. “निम्मं? कशावरून?”

समोर बारातघराच्या फाटकात साधना उभी होती, डोळ्यांवर हाताची सावली धरून. ती रडत होती की उन्हाने डोळे मिचकावत होती, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

“चल, तिलाच विचारू,” अण्णा म्हणाले आणि दिलीपच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागले.